दोघींचा कम्प्युटर

रायपूर राजधानी होऊन दोन वर्षं झाली होती आणि चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात एकच कम्प्युटर होता. तो माझ्या नवऱ्याने, शेखरने आणला होता. पण वापरायच्या त्याच्या आई. गोदावरीबाई साठीला आल्यावर एका बोटाने टाइप करायला शिकल्या आणि त्यांनी ओळखीच्या बायांकडून ऐकलेली भुलाबाईची त्रेसष्ट गाणी त्यात उतरवली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी भुलाबाईसमोर जी म्हणतात, ती. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलींना मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं, आणि गाणी एकीलाही येत नव्हती. यंदा भुलाबाई बसायच्या आत प्रत्येकीच्या हातात छापील पुस्तिका द्यायची, असं आईंनी ठरवलं होतं.

मला त्याच कम्प्युटरवर लिनक्स हवं होतं. माझा प्रबंध रसायनशास्त्रातला. रेणूंची गणितं करणारा प्रोग्राम विंडोजवर चालत नव्हता, आणि विभागातल्या एकुलत्या एक यंत्रापुढे सात जणांची रांग होती. प्रबंध डिसेंबरात द्यायचा होता. मी आईंना विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, की गाण्यांचं काय होईल. डिस्कचे दोन भाग करीन, एक तुमचा, एक माझा, चालू करताना कुठला उघडायचा ते निवडायचं, असं मी सांगितलं.

"हव, कर," त्या म्हणाल्या. "मले काय, थोडीशी जागा पुरते."

मी कोणतंही काम प्रयोगासारखंच करते. आधी सगळी गाणी दोन वेगवेगळ्या फ्लॉपींवर उतरवून कपाटात ठेवली. डिस्कवर विखुरलेल्या फाइली एका बाजूला नीट लावून घेतल्या, विंडोजचा भाग लहान केला, मोकळ्या जागेत मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं. मग विंडोज उघडून त्रेसष्टच्या त्रेसष्ट फाइली उघडतात की नाही ते पाहिलं. प्रत्येक पायरी वेळेसह नोंदवहीत लिहिली. आईंना मात्र फक्त "झालं" म्हणाले, आणि कॉलेजला गेले.

पुढचे अकरा दिवस मी कॉलेजातून आले की थेट माझ्या भागात शिरायची. गणितं पहिल्यांदाच भराभर सुटत होती. दिवसभर कम्प्युटर आईंचा, असं आमचं ठरलेलंच होतं.

बाराव्या दिवशी गोलबाजारात डबा घ्यायला गेले. अंजनाबाईंचं तिथे भांड्यांचं दुकान आहे, आणि त्रेसष्टपैकी नऊ गाणी त्यांची. डबा कागदात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्या सासूबाईंची तब्येत बरी आहे ना? तीच गाणी पुन्हा विचारून राहिल्या. काल दोन तास बसल्या इथं, वही घेऊन. म्या म्हटलं, मागच्या वर्षीच तर सांगितली. तर म्हणे, सांग ना एकदा."

मी डबा तिथेच विसरून घरी आले.

आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. शेजारी जुनी दोनशे पानी वही उघडी होती आणि तिची निम्मी पानं भरलेली होती. मी म्हटलं, कम्प्युटर लावा बरं. त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं आणि नेहमीसारखं चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. कम्प्युटर उठायला वेळ लागतो, म्हणून ही त्यांची दोन वर्षांची सवय होती. पडद्यावर निवडीची यादी आली. पाच सेकंदं थांबली. कुणी काही निवडलं नाही, तसं आपोआप लिनक्स सुरू झालं. आई परत आल्या तेव्हा समोर काळा पडदा होता आणि तो नाव विचारत होता.

ती पाच सेकंदं मीच ठेवली होती. वेळ वाया जाऊ नये म्हणून.

"रोज असंच येते," आई हळूच म्हणाल्या. "निवडायचं काही दिसलं नाही. मले वाटलं, दोघींले जागा पुरली नसेल."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? तुह्यं काम कधी नव्हे ते चालून राहिलं होतं. बोलली असती तर तू तुह्यंच पुसून टाकलं असतं." त्यांनी आतून आणलेली वही जवळ ओढली. "गाण्यांचं काय, बाया तर आहेत अजून. ज्या दोघी गेल्या, त्यांची पहिले लिहून काढली. आठवतात तोवर."

मी कम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि यादी आल्याबरोबर विंडोज निवडलं. त्यांचा फोल्डर उघडून दाखवला. आईंनी एकेक फाइल बोटाने मोजली, त्रेसष्टपर्यंत. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, चहा उतू गेला असेल.

त्याच संध्याकाळी मी पाच सेकंदांची मर्यादा काढून टाकली. आता ती यादी कुणी येऊन बटण दाबीपर्यंत तशीच थांबते. पहिल्या ओळीवर आईंचा भाग आहे, माझा दुसऱ्या. दोन्ही फ्लॉपी मी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवल्या. पुस्तिका भुलाबाई बसायच्या आदल्या दिवशी छापून आल्या. अंजनाबाईंनी तीन गाणी या खेपेला वेगळी सांगितली होती. कोणती खरी म्हणून मी विचारलं, तर आई म्हणाल्या की दोन्ही तिचीच आहेत, आणि दोन्ही छापली.

माझा प्रबंध वेळेत गेला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, विभाग, ग्रंथालय यांच्यानंतर मी एक ओळ लिहिली: 'श्रीमती गोदावरीबाई यांची मी ऋणी आहे, त्यांच्या अकरा दिवसांबद्दल.' सरांनी पेन्सिलीने तिच्याखाली रेघ ओढून विचारलं, "यामिनी, ये ग्यारह दिन कौन-से प्रयोग के हैं?"

प्रयोगाचे नाहीत, मी म्हणाले, पण त्यांच्याशिवाय गणितांचं चौथं प्रकरण झालं नसतं. सरांनी ओळ राहू दिली.