डाव्या तोंडाचा शंख

कुसुमताईंना कुणी फसवलंय, असं म्हणायची काळेवाडीत कुणाची टाप नव्हती. भोपळासुद्धा त्या टिचकी मारून, देठ बघून घ्यायच्या. म्हणूनच सुनेनं, चित्रानं, देवघरातला दगडी शंख कॉलेजातल्या निरंजन सरांकडे तपासायला नेला, तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. मालक ट्रक चालवायचे. चाकणहून कच्छला माल टाकून परतताना त्यांना तो एका ओढ्यात सापडला होता. मालक गेले, ट्रक विकला. त्यांच्या हातचं म्हणून एवढंच उरलं होतं.

आज सर स्वतः घरी आले होते.

"मावशी, ही समुद्रातली गोगलगाय. लाखो वर्षांपूर्वी दगड झालेली."

"गोगलगाय म्हणा, न्हाईतर गाय म्हणा. माझा शंख कुठाय?"

सरांनी फोटो पुढं केला. "हे उभे कंगोरे बघा. आत मधल्या खांबाला तीन वळ्या आहेत. याच्या जवळच्या जातींना दोनच असतात. म्हणजे ही नवी जात. मी वर्णन लिहिलंय. आता शंख संग्रहालयात कायमचा ठेवायला तुमची परवानगी हवी."

कुसुमताईंनी फोटो उजेडाला धरला. "ह्यो आमचा न्हाई."

"आई, असं काय करता?"

"आमच्या शंखाचं तोंड डावीकडं. रोज पाणी घालते मी. ह्याचं उजवीकडं. उजवा शंख नशीबवानाला मिळतो म्हणत्यात. साध्याच्या बदल्यात असला कोण देतं? कुठंतरी पाणी मुरतंय, चित्रा."

सरांनी पिशवीतून डबी काढली. कापसात शंख होता, पण कुंकवाचा थर धुतलेला, परक्यासारखा. सरांनी तो टोक वर करून धरला. तोंड उजवीकडंच.

"आम्ही फोटो असाच काढतो, मावशी. टोक वर."

"देवाला कोण उलटा धरतं?" त्यांनी शंख हिसकावला, देवघरात ठेवायच्या तसा टोक आपल्याकडं करून तळहातावर ठेवला. तोंड डावीकडं आलं. अंगठा नेहमीच्या खळग्यात बरोबर बसला. कुसुमताईंनी शंख पुन्हा डबीत, कापसात ठेवला. चुकलं म्हणायची त्यांच्या घराण्यात चाल नव्हती.

मग म्हणाल्या, "लिहून झालं ना? मग कायमचा कशाला पायजे?"

"नाव ज्या शंखावरून ठेवतात, तो कुणालाही बघता यावा लागतो. उद्या कुणी म्हणालं, वळ्या दोनच आहेत, निरंजन थापा मारतो, तर त्यानं येऊन मोजाव्यात."

"म्हंजे तुमच्यात कुणाचा कुणावर भरवसा न्हाई?"

"अजिबात नाही."

कुसुमताईंनी सरांकडं पहिल्यांदा नीट बघितलं. आपल्यामागं पोरं हा शंख माळ्यावर टाकतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथं कोण मोजायला येणार?

त्यांनी डबी पदराखाली घेतली.

"चित्रा, माझी चप्पल काढ. त्या संग्रहालयात कपाट कसलं, कुलूप कसलं, आधी बघते. तवर डबी माझ्याकडंच राहील."