अंड्यांच्या टोपलीतला ट्रान्झिस्टर

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. थांबा मित्रांनो, लगेच रेडिओ डोळ्यांसमोर आणू नका. जुनी माणसं रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायची, त्यामुळे ओळख करून देताना दर वेळी मला हा घोळ निस्तरावा लागतो. मी मशिनच्या पोटात बसणारा सुटा भाग आहे, आणि त्यातलाही दांडगा. डोक्यावर लोखंडी टोपी, खाली डोळ्याच्या आकाराची पट्टी, पट्टीला दोन भोकं आणि दोन टोकदार पाय, असा माझा अवतार. मेकॅनिक लोक आमच्या जातीला ‘तीस पंचावन्न’ म्हणतात, कारण तो आकडा आमच्या टोपीवर छापलेला असतो. मला इवलासा इशारा मिळाला की मी मोठी वीज सोडतो, इशारा थांबला की ती अडवतो. कालव्याच्या दारावर पाटकरी असतो ना, तसलंच काम म्हणा.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्यावर कुणी लाड-बिड केले नाहीत. मला तापवलं, माझ्यातून धो धो वीज सोडली, गार केलं आणि पुन्हा तापवलं. माझ्या कित्येक भावंडांनी तिथंच मान टाकली. जे टिकले त्यांच्याच टोपीवर आकडा छापला गेला. तेव्हा मला तिथल्या लोकांचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, छळलं ते बरंच केलं. तो आकडा म्हणजे आम्ही दिलेला शब्द असतो, आणि शब्द देण्याआधी अंगात तेवढी ताकद आहे का, हे बघायलाच हवं.

तिथून मी पुणतांब्याला आलो, छगनशेठ मांडववाल्याच्या ॲम्प्लिफायरमध्ये. काय दिवस होते ते! लग्नं, सप्ते, शाळेचं झेंडावंदन, ग्रामसभेतली भांडणं, सगळ्यांचा आवाज माझ्यातून जायचा. वैशाखातल्या उन्हात मी इतका तापायचो की बोट लावलं तर चटका बसावा. पण कधी दगा दिला नाही. “आमच्या मशिनीनं नवरदेवाला कधी ताटकळत ठिवलं न्हाई,” असं छगनशेठ चारचौघांत सांगायचे, आणि मी आतल्या आत फुगायचो.

पुढे भिंतीएवढे स्पीकर आले. आमचं मशिन अडगळीत गेलं आणि एके दिवशी भंगाराच्या गाडीवर चढलं. श्रीरामपूरला भिमाजीमामांचं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्यांनी ते मशिन भंगारातून घेऊन उघडलं, मला अलगद सोडवलं, एक मोठा बल्ब जोडून बराच वेळ पेटवून पाहिला आणि म्हणाले, “खणखणीत हाय गडी.” एवढं बोलून त्यांनी मला खणात टाकलं. मित्रांनो, खणातली ती वर्षं मी कशी काढली, मलाच माहीत. वाकलेले स्क्रू, तुटके स्विच, धूळ. कुणी खण उघडला की मी आशेनं वर बघायचो, आणि हात पलीकडच्या खोक्याकडे जायचा. फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस दुकानात अश्विनी आली. ती बेलापूरची. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. शेतातलं, गोठ्यातलं काम उरकलं की सर्किटं जोडत बसायची तिला भारी हौस. पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटा, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, असलं काहीबाही ती घरी बनवायची. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता.

“भिमाजीमामा, तीस पंचावन्न आहे का? अंडी उबवायची पेटी करायचीय, आणि घाई आहे.”

झालं होतं असं. अश्विनीच्या सासूबाई गोजरबाई मूळच्या पाथर्डीकडच्या. लग्नात त्यांच्या आईनं डालग्यात घालून एक काळी कोंबडी दिली होती. आजवर घरात तिचाच वंश नांदत होता. यंदा मानमोडीची साथ आली आणि वस्तीवरच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. गोजरबाईंची शेवटची काळी कोंबडीही गेली. मागे उरली होती फक्त तिनं घातलेली टोपलीभर अंडी. उबवायला आसपास खुडूक कोंबडी नाही, आणि अंडी फार दिवस तशीच ठेवली तर वाया जाणार. ती गेली की आईनं दिलेली जातच संपली. म्हणून अश्विनीनं थर्माकोलच्या पेटीत बॅटरीवरचे बल्ब बसवून ऊब द्यायचं ठरवलं होतं. ऊब कमी झाली की बल्ब लावणारा आणि पुरेशी झाली की विझवणारा कुणीतरी हवा होता. म्हणजे मी!

“नवा माझ्याकडं न्हाई,” मामा म्हणाले. “आनि हल्लीच्या नव्या मालाचं मला काय सांगता येत न्हाई, कुठून येतो कळत न्हाई. जुना काढलेला एक हाय. वापरलेला हाय, पन खरा हाय. मी सोता तपासलाय.”

अश्विनी घुटमळली. “मामा, सासूबाईंनी बजावलंय. अंडी बसवणं शुभाचं काम, त्यात कुणी टाकून दिलेलं घालायचं नाही. सगळं कोरं पाहिजे. मी मोबाईलवरून मागवते.”

टाकून दिलेलं! मला असं झोंबलं की विचारू नका. मामांनी तरीही मला तिच्या पिशवीत टाकलं. “बसवा म्हनत न्हाई. असू द्या जवळ.”

दोन-चार दिवसांत कुरिअरनं नवा आला. काय तो थाट! टोपी आरशासारखी लखलखीत, आकडा पांढराशुभ्र. त्याच्यापुढे मी म्हणजे काळवंडलेलं भांडं. अश्विनीनं त्याला मीटर लावून पाहिला, मीटरनं ठीक म्हटलं. रिकाम्या पेटीत घटकाभर लावून पाहिला, तेव्हाही तो चालला. पण मित्रांनो, मीटर चिमूटभर वीज देऊन विचारतं, आणि चिमूटभर विजेला कुणीही हो म्हणतं. खरा कस लागतो तो ओझं बराच वेळ अंगावर राहिल्यावर. मी अश्विनीच्या सुट्या भागांच्या डब्यात पडून हे ओरडून सांगत होतो, पण ऐकणार कोण?

आता माझी फजिती ऐका. गोजरबाईंच्या माहेरची रीत अशी की, अंडी बसवताना टोपलीत एक कोळसा आणि लोखंडाचा एक तुकडा ठेवायचा. म्हणजे आभाळ गडगडलं तरी अंडी खराब होत नाहीत आणि नजरही लागत नाही. कोळसा चुलीत मिळाला, पण खिळा काही हाताला लागेना. मग त्यांनी सुनेचा डबा उचकला, मला हातात धरून तोललं आणि “ह्यो बरा हाय जडशीळ,” असं म्हणून भुशात खुपसलं. वर अंडी मांडली आणि टोपली पेटीत ठेवली. आख्खी लग्नं गाजवलेला मी, आणि माझी नेमणूक काय, तर लोखंडाचा तुकडा!

पहिल्यांदा मी रुसलोच होतो. पण खोटं कशाला बोलू, हळूहळू मला तिथं बरं वाटायला लागलं. बल्ब लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. काही दिवसांनी अश्विनीनं एकेक अंडं मोबाईलच्या उजेडावर धरून पाहिलं आणि आत लाल रेषांचं जाळं दिसताच ती ओरडली, “आत्याबाई, जीव धरलाय!” गोजरबाईंनी तिथूनच हात जोडले. त्या दिवसापासून त्या अंड्यांवर माझाही जीव जडला.

आणि मग एका दुपारी बल्ब लागले ते विझेनातच.

मी वाट पाहिली. आता विझतील, आता विझतील. भुसा गरम झाला, कोळसा गरम झाला, माझी टोपी गरम झाली. काय झालं ते मी ओळखलं. बाहेरचा तो लखलखीत गडी आतून जळाला होता. आमच्यातला एखादा असा जळाला की बहुतेक वेळा दार उघडंच राहतं, वीज अडवायला कुणी उरत नाही. मला ऊन सोसायची सवय आहे हो, पण त्या अंड्यांचं काय? मी नुसता तळमळत होतो.

देवाची कृपा म्हणायची, अश्विनी पाणी प्यायला घरात आली आणि तिनं सवयीनं थर्मामीटरकडे बघितलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं हिसका मारून वायर काढली, झाकण फेकलं, टोपली बाहेर घेतली.

“उकडली का काय गं?” गोजरबाई धावत आल्या. “अगं बोल की!”

अश्विनीनं एक अंडं उजेडावर धरलं. श्वास रोखून पाहत राहिली. “हललं! आत्याबाई, हललं. दुसरंही हलतंय. पण आता गार पडू द्यायची नाहीत.”

गोजरबाईंनी टोपली मांडीवर घेतली, वरून घोंगडी पांघरली आणि कोंबडीसारख्या बसून राहिल्या. “आईनं दिलेलं एवढंच उरलंय माझ्याजवळ,” त्या पुटपुटल्या. अश्विनीच्या नवऱ्यानं, पंकजनं, भिमाजीमामांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“शटर बंद हाय, मी लग्नाला आलोय,” मामा पलीकडून म्हणाले. “आनि दुसरा कशाला पायजे? मी दिलेला कुठंय?”

अश्विनीनं डबा पालथा केला. रेझिस्टर सांडले, वायरी सांडल्या. मी नाही! तिनं पिशवी झटकली, टेबलाखाली पाहिलं. ती आता रडकुंडीला आली होती. “इथंच ठेवला होता हो! डोळ्यासारखा, दोन भोकांचा, वर टोपी असलेला.”

गोजरबाईंनी घोंगडीतून मान वर केली. “टोपीवाला? काळपट? जडशीळ?”

“हो!”

“अगं बाई! त्यो तर मी टोपलीत ठिवलाय, अंड्यांखाली!”

त्यांनी भुशात हात घातला आणि मला बाहेर काढलं. मग पंकजला हसू फुटलं, आणि त्या घालमेलीत तिघंही हसली.

“पर ह्यो जुना हाय,” गोजरबाई हळूच म्हणाल्या.

“जुना आहे, पण मामांनी कसाला लावलेला आहे. कोऱ्याचं कौतुक पाहिलंत ना?” अश्विनीनं मला पुसलं. तरी तिनं मला लगेच पेटीला लावलं नाही. आधी मोटारसायकलचा हेडलाइट जोडला आणि माझ्यावर ओझं टाकलं. गोजरबाई घायकुतीला आल्या, “लाव की गं, गार पडत्याल!” पण ती म्हणाली, “आत्याबाई, थोडा धीर धरा. आता घाई केली तर पुन्हा तेच होईल.” मला तिचा अभिमान वाटला. कारखान्यातल्या लोकांनी जे केलं होतं, तेच ती करत होती.

मित्रांनो, खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. इतकी वर्षं खणात पडलेला मी. झेपेल का? वीज अंगात शिरली. जुनी धूळ जळल्याचा वास आला. मी तापलो, पण टिकलो. इशारा आला, सोडली. इशारा थांबला, अडवली. मग तिनं मला पेटीला बाहेरून बसवलेल्या पत्र्यावर घट्ट आवळलं. बल्ब लागले. सगळे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. पेटी ऊब धरू लागली, आणि बल्ब विझले! गोजरबाईंचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला.

संध्याकाळी अश्विनीनं त्या लखलखीत गड्याची टोपी करवतीनं कापली. वीज जिच्यातून जाते ती आतली चकती होती मोहरीएवढी. माझ्या पोटात ती हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे. कुणीतरी दुबळ्या जिवाच्या टोपीवर आमचा आकडा छापून त्याला बाजारात ढकललं होतं. त्याचा मला राग नाही. झेपणार नाही ते ओझं त्याच्यावर टाकलं, तो बिचारा काय करणार? राग आहे तो आकडा छापणाऱ्याचा.

त्यानंतर मी एकदाही चुकलो नाही. एका सकाळी माझ्याजवळून अगदी बारीक टकटक ऐकू आली, मग चिवचिव. अश्विनीनं झाकण जरा उचललं. ओलं, काळंकुट्ट, धडपडणारं पिल्लू! मागोमाग दुसरं, तिसरं. काही अंडी फुटलीच नाहीत, हेही सांगायला हवं. पण जी फुटली ती पुष्कळ होती. कोंबड्या मेल्या तेव्हा गोजरबाई रडल्या नव्हत्या. आता एक पिल्लू तळहातावर घेऊन त्या ओक्साबोक्शी रडल्या आणि म्हणाल्या, “आली गं माझ्या आयची कोंबडी. लई जिवाला घोर लावला बयेनं.”

म्हणून मित्रांनो, तुम्हीही हौसेनं सर्किटं जोडत असाल, तर माझं एवढं ऐका. सुटे भाग घेताना चकाकी बघून भुलू नका. माल कुठून आला ते विचारा, आणि ज्याचं माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणून सांगणाऱ्या दुकानदाराकडे जा. कामाला लावण्याआधी भागावर खरं ओझं टाकून बघा. तुमच्यासाठी तो हातावर मावणारा तुकडा असेल, पण त्याच्या पलीकडे कुणाची तरी टोपली असते.

आज मी त्याच पेटीवर आहे. आतली अंडी त्या पिल्लांतल्याच एका काळ्या तलंगीनं घातलेली आहेत. आत्ताच बल्ब विझले. ऊब पुरेशी झाली आहे, आणि मलाही घटकाभर निवांत बसायला मिळालं आहे.