सोल्युशनवरचं बोट

टायर आतून कसा दिसतो हे मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पाहिलं. बाहेर इतकी नक्षी आणि आत नुसता गुळगुळीत काळा अंधार. मी डोकं जवळजवळ आतच घातलं.

"बाबा, पुस्तक नाहीये ते," लेक म्हणाली. तिला मला घरी सोडून तीनशे किलोमीटर एकटीनं गाडी चालवायची होती. नवी नोकरी, नवी खोली. खोलीची किल्ली देणारं कार्यालय सहाला बंद होणार होतं.

"बाहेरून भोकात रबरी दोरी खोचून देऊ का? पाच मिनिटांत होईल," पंक्चरवाल्या बाई म्हणाल्या. "पण लांब जायचं तर आतून ठिगळ लावलेलं बरं."

"आतून," लेक म्हणाली आणि फोनवर बोलायला बाहेर गेली.

बाईंनी खिळा उपटला, भोकाभोवती खडूनं गोल काढला, छोट्या यंत्रानं तेवढी जागा आतून खरवडली आणि ब्रशनं भुकटी झाडली. मग तिथे रबर चिकटवायच्या सोल्युशनचा पातळ हात फिरवला.

"लगेच नाही चिकटवत?" मी विचारलं.

"ओलं असताना चिकटवलं तर सुटतं. वाळू द्यायचं," असं म्हणून त्या मागच्या खोलीत ठिगळ शोधायला गेल्या.

ग्रंथालयात चौतीस वर्षं मी फाटकी पुस्तकं दुरुस्त केली. खळ वाळली का, हे बोटाच्या पाठीनं पाहायचं, ही माझी सवय. मी विचार करण्याआधीच बोट टायरात गेलं होतं. सोल्युशन किंचित चिकट लागलं. मी बोट मागे घेतलं तेव्हा भिंतीवरच्या पाटीकडे लक्ष गेलं. 'खरवडलेल्या जागी हात लावू नये.' वाचनाचा एवढा नाद असून नेमकी तीच पाटी मी वाचली नव्हती.

कुणी पाहिलं नव्हतं. एवढ्याशा बोटानं काय होणार, असं मनाशी म्हणून पाहिलं. पटलं नाही. बोलावं, तर उशीर होणार आणि हसं होणार. आयुष्यभर मी अशा वेळी गप्पच बसलो आहे, आणि बहुतेक वेळा निभावूनही गेलं आहे. पण त्यातल्या एकाही वेळी त्या चुकीवर बसून माझी लेक तीनशे किलोमीटर जाणार नव्हती.

बाई ठिगळ घेऊन आल्या. त्यावरचा प्लास्टिकचा कागद सोलायला लागल्या.

"थांबा," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, "थांबा. मी हात लावलाय."

"कुठे?"

मी दाखवलं. त्यांनी दिवा आत धरला. मधोमध माझ्या बोटाचा ठसा उमटला होता.

"हाताला तेल असतं हो," त्या म्हणाल्या. "नेमकं तिथेच हळूहळू सुटलं असतं." त्या चिडल्या नाहीत, हेच मला जड गेलं.

लेक आत आली. "झालं?"

"पुन्हा करायचंय," मी म्हणालो. "माझ्यामुळे. मी हात लावला."

तिनं घड्याळ पाहिलं, मग मला. "तुम्हाला कुणी चाखून बघायला सांगितलं होतं का?" म्हणाली, आणि किल्लीवाल्यांना फोन लावला. थोडा उशीर होईल, वडील मदत करताहेत, असं सांगितलं.

बाईंनी जागा पुन्हा खरवडली, पुन्हा सोल्युशन लावलं. "आता तुम्हीच सांगा वाळलं की," त्या म्हणाल्या. "हात मागे बांधून."

मी खरंच हात पाठीशी धरले आणि पाहत राहिलो. आधी सोल्युशन ओल्या शाईसारखं चकाकत होतं. मग कडांची चकाकी गेली. शेवटी मधला एक ठिपका उरला, तोही मावळला.

"आता," मी म्हणालो. "बहुतेक."

"बहुतेक नाही. आता," त्या म्हणाल्या, आणि ठिगळ बसवून मधून कडेकडे रोलर फिरवू लागल्या.

टायर चढवून हवा भरल्यावर त्यांनी खिळ्याच्या जागी साबणाचं पाणी ओतलं. मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही.

"चला आता," लेक म्हणाली. "की चौथ्यांदा बघायचंय?"

मी चौथ्यांदा पाहिलं, आणि मग गाडीत बसलो.