थंड खोलीत ठेवलेला भाऊ

बेकरीत जे बिघडू लागेल ते थंड खोलीत ठेवायचं, ही शिकवण पोरांच्या हाडीमाशी खिळली होती. क्रीम, लोणी, यीस्ट, सगळं तिथंच. म्हणून त्या अकलेच्या कांद्यांनी त्यांच्यातल्या धाकट्यालाही तिथंच नेऊन ठेवलं!

सकाळची पाळी संपल्यावर मागच्या अंगणात पैज लागली होती. धाकट्याने दारूची अख्खी बाटली एका दमात रिचवली आणि थोड्याच वेळात आडवा झाला. "गारव्यात पटकन उतरेल," म्हणून जाड्या आणि भट्टीवाल्याने त्याला उचलून आत नेलं, अंगावर धुतलेला एप्रन टाकला आणि दार लावून घेतलं.

त्याची सख्खी बहीण त्याच बेकरीत केकवर नक्षी काढायची. क्रीम आणायला ती आत गेली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. भाऊ उताणा पडलेला, ओठ निळे, घशात घरघर.

"अगं ताई, घोरतोय तो," मागून जाड्या म्हणाला.

"घोरतोय? डोळे फुटले का तुझे?"

तिने गालावर थापट्या मारल्या, हाका मारमारून घसा कोरडा केला. तो हलेना. तिने फोन काढला तसा भट्टीवाला आडवा आला. "अँब्युलन्स आली तर मालक सगळ्यांना हाकलेल. लिंबूपाणी पाजू, उतरेल."

"हाकलू दे! माझा भाऊ जातोय इथं!"

तिने अँब्युलन्सला फोन लावलाच. फोनवरची बाई सांगत होती, गारठ्यातून बाहेर काढा, कुशीवर वळवा, पांघरूण घाला, तोंडात थेंबही घालू नका. ताईने त्याला ओढत बाहेर आणून कुशीवर केलं. भसकन उलटी झाली. मग घरघर थांबली. श्वासही थांबला.

"घे ना रे श्वास! आईला काय तोंड दाखवू मी?"

उचकी लागावी तसा एक श्वास आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

अँब्युलन्सवाल्याने विचारलं, "काय प्यायला? किती?" ताईने जाड्याची कॉलर धरली, तेव्हा कुठे तो खरं बोलला.

"वाचेल ना हो?" तिने विचारलं.

"आत्ताच काही सांगता येत नाही."

ती गाडीत चढली. जाड्या दाराशी रडत उभा होता. "ताई, आम्ही सारखे डोकावत होतो गं. जपतच होतो त्याला."

"मग जवळ का नाही बसलात रे?"

जाड्याने मान खाली घातली. "आत फार गारठा होता, ताई."