‘ॲक्युरेट’ची कोरी चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या अंगावर ‘ॲक्युरेट’ हा एकच इंग्रजी शब्द उलटा कोरलेला आहे. तान्ह्या बाळांचे वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात माझी हयात गेली.

या शब्दाचा अर्थ मला तपासनीस काकांनी शिकवला. प्रत्येक काट्यावर ते पाच वेळा वजनं ठेवून बघत. पाचही वेळा आकडा तंतोतंत आला, तरच ते मला चिठ्ठीवर उमटवत आणि ती काट्याला बांधत. ‘जवळपास बरोबर आहे’ असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरे. मग जवळपासचा वेगळा शिक्का करून घ्या, असं ते मालकांनाही तोंडावर सुनावत. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

पुढे काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. काम अडू नये म्हणून त्यांनी चाळीस कोऱ्या चिठ्ठ्यांवर मला आधीच उमटवून ठेवलं. तपासल्याशिवाय एकही बांधू नका, असं मालकांना दहादा बजावलं. मालकांनी मान डोलावली आणि त्या चिठ्ठ्या बांधून चाळीसही काटे न तपासताच रवाना केले.

तीन महिन्यांनी एक बाई त्यातलीच एक चिठ्ठी मुठीत धरून आली. दवाखान्यातला आमचा काटा अर्धा किलो जास्त दाखवत होता. बाळ सुकतंय असं ती सांगत राहिली, पण सासूपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी काट्याकडे बोट दाखवून तिलाच वेड्यात काढलं. बाळ आता इस्पितळात होतं, नाकात नळी घालून.

“या शब्दाचा अर्थ काय हो?” तिने विचारलं.

“अहो ताई, सगळेच लिहितात तसं,” मालक म्हणाले. “एवढं मनावर घ्यायचं नसतं.”

ऑपरेशननंतर कामावर परतलेले काका उठले. “अर्थ आहे, ताई. शिक्का मीच मारला. न तपासता मारला.”

मालकांना तेवढंच हवं होतं. सगळं खापर काकांवर फुटलं आणि त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. बाळाचं पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही.

आता पॅकिंगवाला रोज सकाळी गप्पा मारत मला कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांवर आपटतो. माझी अक्षरं झिजली, तरी कुणाचं काही अडत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. तपासल्याशिवाय तो मारू नका. मला कुणीही दाबलं की उमटावंच लागतं. तुम्हाला ‘नाही’ म्हणता येतं.