डावा खांदा

टेलरबाईंच्या हातात रंगीत खडू आला तेव्हा त्यांनी आधी त्याचं टोक बघितलं. बोथट होतं. जाड रेघेवर कापलं की शर्ट ज्याचा त्याला होत नाही, हे त्या चाळीस वर्षं शिकाऊ पोरींना ऐकवत आल्या होत्या. आज मात्र बोलल्या नाहीत. नवरा जाऊन सात महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. कात्रीला हात लावला नव्हता, रडल्याही नव्हत्या. दुकान सून कसंबसं रेटत होती, पण तिला दुकानापेक्षा सासूच्या कोरड्या डोळ्यांची धास्ती होती. म्हणून तर तिनं त्यांना दवाखान्याच्या माडीवरच्या या चित्रांच्या वर्गाला ओढून आणलं.

"नुसतं बसा, आई. वाटलं तर काढा, नाहीतर चहा पिऊन परत या," असं म्हणून ती दाराबाहेरच्या बाकावर बसली होती.

लांबलचक टेबल, रंगाचं पाणी भरलेले डबे, भोवती जवळचं कुणी गमावलेली सहा-सात माणसं. वर्ग घेणाऱ्या मॅडम जेमतेम तिशीच्या, नखांत निळा रंग अडकलेला. त्या म्हणाल्या, "ज्यांची आठवण येते त्यांना कागदावर आणा. छान यायला पाहिजे असं काही नाही."

टेलरबाईंना चेहरा काढता येत नव्हता. त्यांच्या धंद्यात चेहरा कधी लागलाच नव्हता. पण गळ्याखालचा नवरा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी मान धरली, खांदा उतरवला, बाहीसाठी मुंढा वळवला, छातीवरून सरळ कमरेपर्यंत आल्या. बाजूला आकडे टाकले. हात आपसूक चालत होता.

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर होते. दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांनी मान लांब केली. "अर्धाच माणूस काढलाय बघा. जोडीदार गेला की उरतं ते हेच. काय बोललात बाई, न बोलता."

टेबलावर सगळे हळहळले. मॅडमही जवळ येऊन खाली वाकल्या. "मावशी, उरलेलं अर्धं कुठं गेलं असं वाटतं तुम्हाला?"

टेलरबाईंना आधी काही कळेचना. मग कळलं, आणि त्या मनापासून वैतागल्या.

"जाईल कुठं? कापड दुमडलेलं असतं. घडीवर अर्धंच आखतात. कापून उघडलं की पुरा माणूस."

हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेर बाकावर सून ताडकन उभी राहिली. सासूचं एवढं लांब वाक्य तिनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"मग दाखवा उघडून," मॅडम हसून म्हणाल्या आणि त्यांनी कात्री पुढं केली.

कात्री कागदाची होती, लहान मुलांच्या हातात देतात तसली. टेलरबाईंनी कागद दुमडला, घडी नखानं बसवली आणि एका दमात कापत गेल्या. मग घडी उघडली.

दोन्ही खांदे एका रेषेत होते. नीटनेटका, कुणीतरी परका माणूस. तीस वर्षं टपालाची पिशवी वाहून नवऱ्याचा डावा खांदा पाऊण इंच उतरला होता. यांचा शर्ट त्यांनी कधी घडीवर कापलाच नव्हता, दोन्ही बाजू वेगळ्या आखायच्या. आणि आज हात सरळ निघून गेला होता.

"विसरले मी," त्या म्हणाल्या. "सात महिन्यांत विसरले."

आणि रडू फुटलं ते आवरेना. सून धावत आत आली, पण मॅडमनी तिला हातानंच थांबवलं. हेडमास्तरांनी आपला रुमाल टेबलावरून पुढं सरकवला आणि या वेळी अर्थबिर्थ काही सांगितला नाही. बऱ्याच वेळानं टेलरबाईंनी नाक पुसलं.

"दोन कागद द्या. वेगवेगळे."

त्या आखायला लागल्या. उजवा झाला. डाव्याशी आल्यावर बोटांनी पाऊण इंच मोजलं आणि रेघ खाली घेतली. सून आता त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होती.

"बाबांचा खांदा उतरलेला होता?" तिनं विचारलं. "मला कधी दिसला नाही."

"तुला कसा दिसेल? त्यांनाच माहीत नव्हता. आरशासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, बघ, या वयातही कसा ताठ आहे." टेलरबाई रडता रडता हसल्या. "आतून पट्टी द्यायचे मी त्या बाजूला, वरून कुणाला कळू नये म्हणून. ते गेले आणि हे ठाऊक असलेली मी एकटी राहिले गं."

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, सुनेला बसवलं आणि तिचं बोट धरून डाव्या खांद्याच्या रेघेवर ठेवलं.

"इथून खाली," त्या म्हणाल्या. "आता तूही लक्षात ठेव."