साडूचं इंजिन

माझ्या साडूला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही. हे मी रागाने सांगत नाही, खात्री करून सांगतो. क्लबात आला त्या पहिल्याच रविवारी त्याने मला विचारलं, "साडूभाऊ, टायरमध्ये हवा कमी-जास्त काय करत बसता? भरली की भरली!" आणि स्वतःच खो खो हसला. तो विमा एजंट आहे. स्वतःच्या विनोदावर आधी आपणच हसायचं, हे त्यांना बहुतेक नोकरीत शिकवत असावेत.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम बघतो. लिफ्ट येतेय हे समोर दिसत असताना बटण पुन्हा पुन्हा दाबणारी माणसं मी रोज बघतो. माझा साडू त्या जातीचा. बायको म्हणते, तुम्हाला जगात कुणीच पसंत नाही. तसं अजिबात नाही. ज्यातलं कळत नाही त्यात तोंड न घालणारी माणसं मला आवडतात. ती थोडी आहेत, त्याला मी काय करू?

आमचा क्लब हौशी लोकांचा. शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी आहे, तिच्यावर जुन्या टायरांच्या राशी रचून वळणं केली आहेत, आणि महिन्यातून एक रविवार तिथे आम्ही लहान गाड्यांच्या शर्यती लावतो. सगळ्यांची गाडी एकाच मॉडेलची; लोक मुलांना शाळेत सोडायला वापरतात तीच. मागची सीट, गालिचा, दाराचं अस्तर काढून टाकायचं, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, जाड पट्टे लावायचे. इंजिन मात्र कारखान्यातून आलं तसंच ठेवायचं. साफसफाई करा, झिजलेला भाग बदला, पण त्याची ताकद वाढवायची नाही. नाहीतर ज्याचा खिसा खोल तो पुढे आणि बाकीचे धूर खात मागे, असं होईल.

आता हे कुणी पाळतो की नाही, हे इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येकाचं इंजिन उघडायला क्लबकडे ना माणूस ना वेळ. म्हणून जुन्या मंडळींनी अदलाबदलीचा नियम करून ठेवला. शर्यत संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत कुणीही स्पर्धक जिंकलेल्या गाडीचं इंजिन मागू शकतो. बदल्यात स्वतःचं द्यायचं. जिंकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणाला तर क्लबातून बाद. उतरवण्याचं आणि चढवण्याचं काम मागणाऱ्याने करायचं, दोन्ही गाड्यांचं. लबाडी करून बनवलेलं इंजिन दुसऱ्याच्या घरी जाणार, या धाकाने सगळे सरळ राहतात. पण इंजिन मागणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत चोर म्हणणं. माझ्या आठवणीत तो नियम कुणी वापरला नव्हता.

मला क्लबात उस्ताद म्हणतात. शर्यतीत मी चौथा-पाचवा येतो, पहिला कधी आलेलो नाही. पण गाडी कशी तयार करावी हे बघायला लोक माझ्याच गाडीपाशी येतात. दाताचा डॉक्टर दर वेळी येतो, गुडघे टेकून चाकामागे डोकावतो आणि मान हलवत जातो. त्याला त्यातलं काय दिसतं देव जाणे. पुढच्या मोसमापासून क्लबला एक तांत्रिक तपासनीस नेमायचा होता आणि सेक्रेटरींनी माझं नाव धरलं होतं. मला ते पद हवं होतं. फार हवं होतं, उगाच कशाला लपवू?

आणि मग हा साडू. कुणाची तरी जुनी गाडी घेतली, दुसऱ्याकडून पिंजरा बसवून घेतला आणि आला. माझी गाडी ट्रेलरवरून येते. हा शर्यतीची गाडी चालवतच यायचा, शेजारच्या जागेत उकडलेल्या अंड्यांचा डबा. तयारी म्हणाल तर वाटेत गाडी धुऊन आणायची. पिवळे हातमोजे. सुरुवातीच्या रांगेत गाड्या उभ्या असताना मागच्याला खिडकीतून हात करून "पॉलिसीचं बघितलं का?" म्हणून विचारायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी बायकोला म्हणालो. तिसऱ्या शर्यतीला तो पहिला आला.

मग चौथीला. मग पाचवीला.

मी त्याच्या मागून जाऊन नीट बघितलं. भाजी आणायला निघाल्यासारखा चालवतो. टायर किंचाळत नाहीत, गाडी डोलत नाही, ब्रेकचा लाल दिवा कधी लागला आणि कधी गेला कळत नाही. बघण्यासारखं काहीच नाही. वळणात मी त्याच्या अगदी पाठीशी असायचो, आणि सरळ पट्टा आला की तो दोरीने ओढल्यासारखा पुढे निघून जायचा. आता सरळ पट्ट्यावर माणसाचं कसलं कौशल्य? पाय खाली दाबलेला असतो, बाकी सगळं इंजिन करतं. हे शेंबड्या पोरालाही कळेल. याच्या इंजिनात काहीतरी होतं. त्याला स्वतःला ते करता येणं शक्यच नव्हतं, म्हणजे कुणाकडून तरी करून आणलेलं.

सहावी शर्यत तो जिंकला तेव्हा मी हेल्मेट काढलं आणि तडक सेक्रेटरींच्या टेबलापाशी गेलो.

"मला पहिल्या गाडीचं इंजिन हवंय," मी म्हणालो. "अदलाबदलीत."

सेक्रेटरींचा चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला. "उस्ताद, ते तुमचे साडू ना?"

"नियमात साडूला सूट आहे का?"

सूट नव्हती. बातमी मैदानभर पसरायला कप खाली ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही. साडू अंडं सोलत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, सेक्रेटरींकडे बघितलं आणि म्हणाला, "घ्या की! तुमचं इंजिन तर साडूभाऊ, लोक हात जोडून बघतात. फायदा माझाच!" तो हसला, पण त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी मेव्हणी, हसली नाही. ती पाणी प्यायच्या निमित्ताने गाडीत जाऊन बसली.

घरी परतल्यावर दार उघडताना बायको एवढंच म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला चोर म्हणालात."

"मी इंजिन मागितलं."

"तेच ते."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी साडू गाडी घेऊन माझ्या गॅरेजात हजर. मी चेन ब्लॉकने दोन्ही इंजिनं उतरवली आणि हा स्टुलावर बसून विम्याच्या गोष्टी सांगत होता. एकदा पाना मागितला तर पक्कड दिली. माझं इंजिन मी त्याच्या गाडीत बसवलं, आणि बसवलं तेही चोख. प्रत्येक बोल्ट मापात आवळला. वाईट काम मला वैऱ्याच्या गाडीतही करता येत नाही, हा माझा दोष समजा. संध्याकाळी तो ते घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आवाज गोड आहे हं याचा!"

मग मी त्याचं इंजिन उघडलं.

हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट कारखान्याचं होतं. ते कारखान्यातून निघाल्यापासून कुणी काढलेलंच नव्हतं, म्हणजे आत हात घालण्याचा प्रश्नच मिटला. तरी मी सगळं मोजलं. हेडची उंची, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, पिस्टन. सगळं पुस्तकातल्यासारखं. उलट दोन सिलिंडर झिजलेले होते आणि तेल तर काळंकुट्ट, कधी बदललं होतं कुणास ठाऊक. माझं इंजिन त्याच्यापेक्षा सरळसरळ ताकदवान होतं. मी दुसऱ्या मापकाने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

बायको चहा घेऊन आली. "निघालं काही?"

"बघतोय अजून."

तिने बाकावर ओळीने मांडलेले भाग बघितले, माझं तोंड बघितलं आणि कप ठेवून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोला मापक लागत नाही.

आठवडाभर लोकांचे फोन. काय निघालं, उस्ताद? दाताच्या डॉक्टरने तर रुग्ण खुर्चीत आ वासून बसलेला असताना फोन केला. मी त्याला म्हणालो, "जाऊ द्या हो. नात्यातला मामला आहे." बाकीच्यांनाही तेच सांगितलं. लोक काय समजायचं ते समजले. वा, उस्तादांनी नातं सांभाळलं, असंही कुणी म्हणालं म्हणे.

मेव्हणीचा फोन येईनासा झाला. बायकोने तिला दोनदा लावला, तिने उचलला नाही. रात्री जेवताना बायको म्हणाली, "काही निघालं नाही ना?"

"नाही."

"मग तसं सांगा लोकांना."

"मी कुठे कुणाला काही म्हणालो?"

"काहीच म्हणाला नाहीत. तेवढं पुरलं."

मी पुढचा घास घेतला. पुढच्या शर्यतीत माझं इंजिन घेऊनही तो मागे पडला तर काहीतरी होतंच, असं मला वाटत होतं. काय, ते विचारू नका. माणसाला हरायचं नसलं की तो स्वतःच्या मापकालाही खोटं पाडतो.

सातवी शर्यत. तो पुढे, मी त्याच्या मागे तिसरा, आणि मधे दाताचा डॉक्टर, जो दुसऱ्याच वळणावर टायरांच्या राशीत शिरून शेवटाला गेला. आता आम्ही दोघेच. माझ्याकडे त्याचं इंजिन, त्याच्याकडे माझं. शेवटचं वळण आलं. आत शिरताना मी त्याच्या पाठीशी होतो. मी स्टीअरिंगशी झटत होतो, टायर ओरडत होते, गाडी बाहेर फेकली जात होती, आणि त्या गडबडीत मला दिसलं की त्याची गाडी केव्हाच सरळ झालीय. माझं वळण अजून चालू होतं आणि त्याचं संपलं होतं. त्याने पाय दाबलाही होता. सरळ पट्ट्यावर तो पुढे जात नव्हताच. पट्टा सुरू होतानाच तो माझ्यापेक्षा वेगात होता, दर फेरीला, आधीच्या प्रत्येक शर्यतीत, आणि मी त्याच्या मागून बघत असूनही बघितलं नव्हतं. ज्याला टायरमधली हवा कळत नाही त्याला हे कळत होतं. त्याला ते कळतंय हेही कळत नव्हतं. याच्याइतकी संतापाची गोष्ट दुसरी नाही.

तो पूर्वीपेक्षाही मोठ्या फरकाने जिंकला. चांगलं इंजिन होतं ना.

मी गाडीतून उतरलो तेव्हा सेक्रेटरींच्या टेबलाभोवती घोळका जमला होता. दाताचा डॉक्टर मधे उभा. बंपर तुटला होता पण आवाज शाबूत होता.

"मी मागतोय पहिल्या गाडीचं इंजिन," तो म्हणाला. "उस्तादांचं होतं ना ते? आता कळलं, त्यांची गाडी एवढी सुबक का असते."

"अहो, माझं इंजिन नियमात आहे," मी म्हणालो. "उघडा आणि बघा."

"उघडीन की. पण काय निघालं ते सांगणार नाही," असं म्हणून त्याने सगळ्यांकडे बघितलं. "जाऊ द्या म्हणीन. ही पद्धत तुमच्याकडूनच शिकलो."

लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. टेबलावरच्या पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत म्हणाले, "उस्ताद, दोन्ही इंजिनं तुमच्या हाताखालून गेलेली आहेत. एकातही काही नसेल तर आता सांगा. नाहीतर तपासनीसाचं मी काय करू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नुसतं माझं इंजिन स्वच्छ आहे म्हणून भागत नव्हतं. त्याचंही स्वच्छ होतं म्हटल्याशिवाय माझ्या इंजिनावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि दोन्ही स्वच्छ म्हटलं की उरतं काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. साडू हातमोजे काढत गर्दीतून पुढे आला. माझी बायको टेबलाच्या पलीकडे उभी होती, हातात माझ्या फेऱ्यांची वेळ मोजायचं घड्याळ तसंच धरून.

"बोला," ती म्हणाली.

"त्याच्या इंजिनात काही नव्हतं," मी म्हणालो. "हेड कधी उघडलेलंच नव्हतं. माझ्यापेक्षा कमजोर होतं. माझ्यातही काही नाही." एवढ्यावर थांबावं असं मला फार वाटलं. "तो गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवतो. एवढंच आहे."

डॉक्टरने बंपरकडे बघितलं. आता हा हसणार, मी मनात म्हणालो, आता "साडूभाऊ" म्हणून पाठीत थाप मारणार, एखादी पॉलिसीही काढायला लावणार. मी दात आवळून तयारीत राहिलो.

त्याने खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"अगं, ऐक," तो फोनवर म्हणाला. "काही बोलू नकोस, नुसतं ऐक." मग त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "परत म्हणा. त्या दिवसापासून ती मैदानावर आलेली नाही."

तो हसत नव्हता. हसू नसलेला त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. सगळे ऐकत होते. फोनमध्ये पलीकडे मेव्हणी श्वास घेत होती, तो स्पष्ट ऐकू येत होता.

मी परत म्हणालो. पहिल्यापासून, सगळं.